मानक वाचक

नदाफ सर पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी विचारलं, "धाकटीचं लग्न ठरलं वाटतं?"

"तिचं नाही वैनी, तुमचंच जमलंय," सर म्हणाले. "गावात पहिल्या आलात."

आमचे हे टीव्ही बंद करून बाहेर आले. "पहिली? परीक्षा कधी दिली हिनं? दहावीला गणितात दोनदा राहिली होती, एवढं मला माहीत आहे."

परीक्षा मी दिली होती, पण बसल्या जागी आणि माझी मलाच न कळता. ते नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

नदाफ सर आमच्या नगर वाचनालयाचे ग्रंथपाल. आमचं तालुक्याचं गाव लातूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. गाव लहान, पण वाचायला मात्र इतकं झालं होतं की वाचणारा घाबरून जावा. ब्लॉग आणि बातम्या यंत्रंच लिहायला लागली होती. एखाद्यानं मनात आणलं तर तो घरबसल्या शंभर नावांनी शंभर ब्लॉग चालवी. नुसत्या आमच्या तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या फीड नऊशेच्या वर गेल्या होत्या. बाजारात कुणाची मारामारी झाली की संध्याकाळपर्यंत तिच्या चाळीस हकिकती फोनवर येत, आणि त्यातल्या सदतीस घडलेल्याच नसत. लोक वाचनालयात येत ते पुस्तक न्यायला नव्हे, सरांना विचारायला: "सर, कुणाचं वाचू?" सर बिचारे काय सांगणार?

मग ती अंगठी आली.

सरांनी ती मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा पाण्याचा ग्लास मागवला होता, आणि कुंडीतली चिमूटभर माती त्यात टाकून ढवळली होती. "वाचताना माणसाचं असं होतं," ते म्हणाले. "काहीही वाचा, चांगलं का वाईट, शरीर ढवळतं. छातीचे ठोके बदलतात, बोटाला बारीक घाम येतो. आपल्याला कळत नाही, अंगठीला कळतं. प्रश्न पुढचा आहे. ढवळलेलं किती वेळात निवळतं? खोटं, भडकावणारं काही वाचलं तर तास तास निवळत नाही. कामाचं, खरं वाचलं तर लवकर निवळतं, आणि आधीपेक्षा जास्त निवळतं. विद्यापीठातल्या लोकांनी हजारो माणसांवर हे तपासलंय."

वाचनानंतरच्या एका तासात शरीर किती निवळलं, हे दिवसभराच्या सरासरीशी ताडून अंगठी एक आकडा काढायची. त्याला निवळांक म्हणायचे. गावातल्या चौदाशे लोकांनी अंगठ्या घेतल्या. सगळ्यांचे निवळांक एकत्र करून दर पंधरा दिवसांनी वीस नावांची गावयादी निघायची. ती वाचनालयाच्या फळ्यावर लागे आणि सगळ्यांच्या फोनवर जाई. यादीत असेल ते लोक वाचत आणि उरलेलं सोडून देत. सुटल्यासारखं वाटलं गावाला, खोटं कशाला बोलू.

पण चौदाशेतले बहुतेक जण वेडेवाकडे वाचणारे. चहा पिता पिता, भांडता भांडता, दुचाकीवरसुद्धा. त्यांचे आकडे उड्या मारत. म्हणून ज्यांचे आकडे रोज एकसारखे स्थिर येतात असे मोजके लोक ते यंत्र स्वतःच निवडी, आणि त्यांच्या मताला जास्त वजन देई. त्यांना मानक वाचक म्हणत. आमच्या गावात असे तेवीस निघाले. त्यांत मी पहिली. माझं एक बोट नव्वद माणसांच्या बरोबरीचं.

"नव्वद," हे पेढा तोंडात टाकत म्हणाले. "इथं घरात एकाच्याही बरोबरीचं नाही माझं मत."

मी हसले, पण आतून फुलले होते. आपल्या नेमधर्माची कुणी अशी दखल घेईल असं कधी वाटलं नव्हतं. कारण स्थिर काय होतं माझ्यात? तर नेम. गेली एकेचाळीस वर्षं मी पहाटे उठते, स्नान करते, विभूती लावते, आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसते. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही. लिंगावर नजर ठेवून जप करायचा, पापणी कमीत कमी हलवायची. सासूबाईंनी शिकवलं तसं. पूजेनंतर पाणी पिऊन तिथंच पाटावर बसून थोडं वाचायचं, हाही नेमच. पूर्वी पोथी होती, आता डोळ्यांना फोनवरची मोठी अक्षरं सोयीची. सोमवारी दुपारपर्यंत मौन. आणि खोटं बोलायचं नाही, हे रोजचंच.

अंगठी मी डाव्या हातात घातली, उजवा सारखा पिठात असतो म्हणून. पूजेत चालेल का, हे मठातल्या स्वामींना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, "कानातलं चालतं, मग बोटातलं का नको?"

दोन महिने फार बरे गेले. मला लोक मानकबाई म्हणायला लागले. वाचनालयात आमचा तेवीस जणांचा फोटो लागला. मी सकाळी 'शांतसकाळ' नावाचा ब्लॉग वाचायची. फुलांची चित्रं, संतांची वचनं, घरगुती उपाय, सगळं मऊ आणि गोड. तो यादीत पहिला आला आणि तिथंच बसला.

आणि त्याच दोन महिन्यांत माझ्या सुनेचा ब्लॉग घसरत गेला.

गिरिजा, माझी सून, इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मुलगा मन्मथ पवनचक्क्यांच्या कामावर धाराशिवला असतो, शनिवारी येतो. गिरिजा 'पाण्याचा पडताळा' नावाचा ब्लॉग लिहिते. गावातले लोक आपापल्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणून देतात, ती तपासते, आणि दर आठवड्याला कुठल्या बोअरमध्ये फ्लोराइड किती, नायट्रेट किती, ते लिहिते. ना फूल, ना वचन, नुसती गल्लीची नावं आणि आकडे. आमच्याकडचे बोअर आठशे-नऊशे फुटांवर गेलेत. तेवढ्या खोलातल्या खडकात फ्लोराइड असतं, ते पाण्यात उतरतं. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं धरतात. दीडच्या वर आकडा गेला की ते पाणी प्यायचं नाही, एवढं आता मलाही पाठ झालंय.

पहिल्या गावयादीत तिचा ब्लॉग सहावा होता. मग तेरावा झाला, मग चोविसावा, म्हणजे यादीच्या बाहेर. पुढच्या वेळी सव्विसावा. लागोपाठ तीनदा बाहेर राहिलं की वर्षभर त्या ब्लॉगचा विचारच करायचा नाही, असा नियम होता. दोनदा झालं होतं.

"वर्षभर कुणी वाचणार नाही म्हणजे बाटल्याच येणार नाहीत, आत्या," गिरिजा म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. "आठवड्याला चाळीस यायच्या. या आठवड्यात पाच आल्या. बाटल्या नाहीत तर लिहू काय?"

त्यात शेजारच्या पत्तेवार वैनी. त्यांच्या बोअरचा आकडा गिरिजानं तीन पॉइंट एक असा लिहिला होता, तेव्हापासून त्या तिच्याशी बोलत नव्हत्या, माझ्याशी मात्र मुद्दाम बोलत. "काय अक्का, सुनेचं गेलं म्हणे यादीतून. यंत्राला कळतं बघा. आमच्या बोअरचं पाणी काचेसारखं आहे. आणि तुमच्या त्या शांतसकाळमध्ये दिलंय की, तांब्याच्या भांड्यात रातभर ठेवलं की सगळे दोष जातात. मी तसंच करूलालाव आता."

शांतसकाळ माझ्यामुळे पहिला होता.

त्या शुक्रवारी मी वाचनालयात गेले आणि नदाफ सरांना म्हटलं, "सर, माझ्या बोटानं कुणाला किती दिलं, ते बघता येतं का?"

"तुमचं तुम्हाला येतं," म्हणत त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. शांतसकाळ: ब्याण्णव. खाली बोट सरकवत गेले. पाण्याचा पडताळा: अकरा.

"अकरा?"

"शंभरात," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ठाऊक होतं तो ब्लॉग कुणाचा ते.

म्हणजे पाडणारी मीच. नव्वद माणसांच्या वजनानं.

घरी येताना मी विचार केला, असं का व्हावं? पोरीचा ब्लॉग मी आवडीनं वाचते. पण वाचते कधी? संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या मोजत, यांच्या गुडघ्याला तेल चोळायचं राहिलंय हे डोक्यात ठेवून. आणि वाचून जीव घाबराही होतो. तेली गल्लीत दोन पॉइंट आठ. तिथं माझ्या बहिणीची, सुमनची, नातवंडं आहेत. रात्री जेवेपर्यंत ते डोक्यातून जात नाही. अंगठीला तेवढंच दिसलं.

आणि शांतसकाळ? तो मी पूजेनंतर वाचते. पूजेनंतरचा एक तास माझं शरीर तसंही तळ्यासारखं असतं, समोर शांतसकाळ धरा नाहीतर कोरी पाटी धरा. निवळायची ती पूजा, आणि गुण घ्यायचा तो ब्लॉग.

तीन दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी स्वतःची समजूत घातली. सोमवारी मौन होतं, ते सोयीचंच झालं. पण त्याच सोमवारी पूजेला बसले, लिंग तळहातावर घेतलं, आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मनात आलं: आज यानंतर गिरिजाचा ब्लॉग वाचला तर? महिनाभर वाचला तर? आपोआप वर येईल. कुणाला कळणार नाही.

हातात लिंग आणि डोक्यात यादी. मला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी पूजेनंतर काहीच वाचलं नाही.

मंगळवारी सकाळी गिरिजा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. अकरासकट.

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली.

"म्हणजे माझं लिहिलेलं वाचून तुम्हाला त्रास होतो," ती म्हणाली.

"होतो. विषाचा आकडा वाचून बरं कसं वाटेल?"

"मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"काय बोलू? त्रास व्हायलाच पाहिजे असं लिहितेस तू. मी सुमनला फोन केला तेव्हाच, पोरांना ते पाणी देऊ नको म्हणून. पण अंगठीला फोन दिसत नाही."

मला वाटलं, आता ही रडणार किंवा कॉलेजला निघून जाणार. तिनं हात धुतले, ओट्यावरचा पाण्याचा ग्लास उचलला, उजेडात धरला.

"आत्या, फ्लोराइड दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. पत्तेवारकाकूंचं पाणी खरंच काचेसारखं आहे. मुलांना मी पहिल्या तासाला हेच शिकवते, निवळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. आणि आख्ख्या गावानं वाचायचं काय, ते निवळण्यावर ठरवलं. मीही ठरवलं. सहावी होते तेव्हा मला फार शहाणं वाटलं होतं ते यंत्र."

दारात हे उभे होते. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. "एवढं काय त्यात? उद्यापासून सकाळी पूजेनंतर सुनेचं वाच. संपलं."

"नाही," मी म्हणाले, आणि त्याच क्षणी गिरिजाही म्हणाली, "नाही मामा."

"का?"

"पूजा काय यादीसाठी करते मी?"

"आणि मग माझा ब्लॉग आत्यांच्या पूजेवर चढेल," गिरिजा म्हणाली. "पाण्यावर नाही. शांतसकाळमध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"दोघींचं एकमत झालं," हे म्हणाले. "लिहून ठेवतो तारीख."

पण त्यांच्या बोलण्यावरून गिरिजाला काहीतरी सुचलं होतं. ती ओट्याला टेकून म्हणाली, "आत्या, पूजेनंतर काहीही वाचलं तरी तेच होतं, हे आपल्याला वाटतं. ते दाखवून देता येईल. ज्यात काहीच नाही, असं काहीतरी वाचायचं. मामा, तुमच्या डेपोचं वेळापत्रक अजून फीडवर येतं का?"

हे एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. त्यांना ते जरा लागलं. "काहीच नाही काय? तीनशे बारा फेऱ्या आहेत त्यात."

मी एकच अट घातली. नदाफ सरांना आधी सांगायचं, लपून काही करायचं नाही. मी आणि गिरिजा वाचनालयात गेलो. सरांनी ऐकलं, कपाळाला हात लावला, आणि म्हणाले, "वाचनालयाची समिती मला फाडून खाईल." तरी त्यांनी नोंदवहीत तारीख घालून लिहून घेतलं: शिवकांता गुरलिंग बिराजदार या आजपासून पंधरा दिवस पूजेनंतर फक्त बस वेळापत्रक वाचणार आहेत. खाली माझी सही घेतली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "वैनी, माझे अब्बा पहाटे फजरची नमाज झाली की वाचायला बसतात. ते तिसऱ्या क्रमांकाचे मानक आहेत."

"आणि दुसरे?"

"राममंदिराचे पुजारी."

गिरिजानं मग ते नीट मांडलं. ज्यांनी हे यंत्र केलं त्यांनी धरलं होतं की माणसं कधीही, काहीही वाचतात, त्यामुळे वेळेचा परिणाम सरासरीत विरून जातो. नेमानं ठरलेल्या घडीला ठरलेलं वाचणारं माणूस त्यांच्या हिशोबातच नव्हतं. आणि स्थिर आकड्यांची माणसं शोधायला निघाल्यावर यंत्रानं नेमकी तीच उचलली.

पंधरा दिवस मी वेळापत्रक वाचलं. मन लावून वाचलं, वाचते असं दाखवलं नाही. निलंगा सहा पाच. भालकी सहा चाळीस, मार्गे तोगरी. हळूहळू गोडी लागली म्हटलं तरी चालेल. हे बाजूला बसून चुका काढायचे: "भालकी सहा पन्नासची होती माझ्या वेळी. दहा मिनिटं आणली कुणी अलीकडे?"

यादी लागली. एसटीचं वेळापत्रक, दुसरा क्रमांक. पहिली आली होती कुणाची तरी पाककृतींची फीड. शांतसकाळ चौदावर घसरला होता. पाण्याचा पडताळा सत्ताविसावा, म्हणजे तिसऱ्यांदा बाहेर.

गावाला काही कळलं नाही, पण गाव यादीवर विश्वास ठेवणारं. चार दिवसांत साडेचारशे लोक वेळापत्रक वाचायला लागले. पत्तेवार वैनी भिंतीवरून म्हणाल्या, "अक्का, मी रोज वाचते. अर्थ कळत नाही, पण कसं थंड वाटतं बघा."

रविवारी सकाळी वाचनालयाच्या समितीची उघडी बैठक भरली. नदाफ सरांनी नोंदवही वाचून दाखवली. आधी हशा झाला, मग अध्यक्ष सोनवणे सर उठले. गणिताचे निवृत्त प्राध्यापक, शब्दाचे पक्के. "एका प्रयोगावरून पद्धत मोडीत काढायची नसते. आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडा खराच आहे सर," गिरिजा म्हणाली. "तो कशाचा आहे, तेवढं चुकलं."

"मग दुसरं मोजमाप आहे का तुमच्याकडे? नसेल तर नियमाप्रमाणे तुमचा ब्लॉग वर्षभर बाहेर. मला वाईट वाटतं, पण नियम आहे."

गिरिजानं माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे मोजमाप नव्हतं.

मी सभेत कधी बोललेले नाही. माझा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे जात नाही, असं हे म्हणतात. पण उभी राहिले. नदाफ सरांनी माइक पुढे आणून माझ्या तोंडाजवळ धरला.

"मला आधी मानक यादीतून काढा," मी म्हणाले. "दुसरं एक सांगायचंय. मी एकेचाळीस वर्षं पूजा करते. पूजा चांगली झाली की नाही, हे पूजेत कळत नाही. तिथं सगळ्यांनाच शांत वाटतं. कळतं दुपारी, भांडीवालीनं कप फोडल्यावर मी तिच्याशी कशी बोलते त्यावरून. माझ्या सासूबाई संध्याकाळी विचारायच्या, आज पूजा केलीस, मग दिवसभर काय केलंस? वाचण्याचंही तसंच विचारा. पंधरा दिवसांनी चिठ्ठीवर लिहून घ्या, हे वाचून तुम्ही काय केलं. आमच्या घरातलं बाहेर राहिलं तर राहू दे. पण आधी विचारा."

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि गोष्टी वाचून काय करायचं असतं हो?"

"हसलात, कुणाला सांगितलीत, तेही केलंच की," मी म्हणाले आणि खाली बसले.

सोनवणे सर पेन उघडझाक करत राहिले. शेवटी म्हणाले, "एक पंधरवडा. चिठ्ठ्या मी स्वतः मोजणार. तोवर कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही."

मी अंगठी तिथंच टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसले तर मन सैरभैर. चिठ्ठ्यांचं, पोरीचं, सुमनच्या नातवंडांचं येत राहिलं. आदल्या दोन महिन्यांत एवढी विस्कटलेली पूजा झाली नसेल. पण ती कुणी मोजत नव्हतं, हे ध्यानात आलं आणि मला फार हलकं वाटलं.

पंधरा दिवसांनी चिठ्ठ्यांची पेटी फोडली. सोनवणे सर शब्दाला जागले, सकाळपासून स्वतः बसले होते. वेळापत्रकाखाली एकशे सहा जणांनी लिहिलं होतं, बस पकडली. शांतसकाळखाली तीनशेवर चिठ्ठ्या, बहुतेकींवर एकच: पुढे पाठवलं. पाण्याचा पडताळा, अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या. सरांनी त्या मोठ्यानं वाचल्या. बोअरला कुलूप लावलं. शाळेतली टाकी बदलायला लावली. सासऱ्यांशी भांडले. मुलीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. बाटली दिली. बाटली दिली. एकीवर होतं: वाचून फार राग आला, अजून आहे.

"हे काय धरायचं?" सरांनी चष्मा वर करून विचारलं.

"काही केलं नाही, म्हणजे शून्य," गिरिजा म्हणाली. ती हिशोबाला सरांच्या वरताण.

सरांनी शून्य धरलं. तरी ब्लॉग अकरावा आला.

दुपारी आम्ही जेवून उठलो होतो. दारात पत्तेवार वैनी उभ्या. एका हातात प्लॅस्टिकची बाटली, दुसऱ्या हातात झाकण लावलेला तांब्या. माझ्याकडे न बघता गिरिजाला म्हणाल्या, "ती रागाची चिठ्ठी माझी. शून्य दिलंस म्हणे."

"हो काकू."

"बरोबर आहे, काही केलंच नव्हतं मी. आता आणलंय. हे बोअरचं. हे रातभर तांब्यात ठेवलेलं. माझ्यासमोर तपास. आणि तू खोटी निघालीस तर सगळ्या गल्लीसमोर माझ्या बोअरची माफी मागायची."

"मागते."

गिरिजानं ओट्यावर तीन काचेच्या नळ्या ठेवल्या, एकीत बोअरचं, दुसरीत तांब्यातलं पाणी ओतलं. तिसऱ्या नळीत मठामागच्या जुन्या विहिरीचं पाणी घातलं, आणि मग तिन्हींत तपासणीच्या औषधाचे सारखेच थेंब टाकले. ती विहीर जेमतेम चाळीस फूट खोल. "फ्लोराइड कमी असेल तर गुलाबी राहतं," तिनं सांगितलं. "जास्त असेल तर पिवळट होतं."

विहिरीचं गुलाबी राहिलं. बोअरचं पिवळट झालं. तांब्यातलंही पिवळट, अगदी तेवढंच. पत्तेवार वैनींनी तिन्ही नळ्या एकेक करून उजेडात धरल्या, परत धरल्या. थेंब टाकायच्या आधी तिन्ही पाणी एकसारखं दिसत होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

यांच्या ओठांवर काहीतरी बोलणं आलं होतं. मी नुसतं पाहिलं, त्यांनी गिळलं.

पत्तेवार वैनींनी तांब्यातलं पाणी मोरीत ओतलं. सावकाश, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग पदरानं हात पुसले. "भाडेकरूंच्या पोरीचे दात मी पाहिलेत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, घासत नसेल." मग गिरिजाकडे वळल्या. "आता प्यायचं कुठलं, ते सांग."

"चला, दाखवते," म्हणत गिरिजानं चपला घातल्या. मी मांडणीवरच्या दोन्ही कळश्या काढल्या, एक वैनींच्या हातात दिली, आणि आम्ही तिघी मठाच्या वाटेला लागलो.